हजेरीपटातून काढलेलं नाव

आमच्या फाऊंड्रीत अपघात झाला की पहिला फोन डॉक्टरांना जायचा आणि दुसरा मला. डॉक्टर माणूस सांभाळायचे, मी कागद सांभाळायचो. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत, लोखंड वितळवून मोटारींचे सुटे भाग ओतणाऱ्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं काढली. हुद्दा पर्सोनेल ऑफिसर. भरती, हजेरी, रजा, पगारपत्रक आणि अपघात, एवढं माझ्याकडे. पहिली चार कामं कुणालाही जमतात. अपघाताच्या कामाला मात्र याच्यासारखा माणूस नाही, असं मालक चारचौघांत म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे फाऊंड्रीतले गमतीदार किस्से मागितले होते. एक देतो. त्याच्या पुढचं त्यांनी मागितलेलं नाही.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून आधी थोडं सांगायला हवं. कामावर असताना, कामामुळे कामगाराला इजा झाली तर मालकानं भरपाई द्यायची, असा इंग्रजांच्या काळापासूनचा कायदा आहे. त्याला एक यादी जोडलेली आहे. कोणता अवयव गेला म्हणजे माणसाची कमावण्याची ताकद शेकडा किती गेली, ते त्यात दिलेलं असतं. अंगठा तीस. एक डोळा चाळीस. ही यादी मला पाठ होती. पण भांडण यादीवरून क्वचितच व्हायचं. भांडण दोनच प्रश्नांवरून. माणूस खरंच आपला कामगार होता का? आणि इजा खरंच कामावर झाली का? या दोन्ही प्रश्नांची उत्तरं कागदावर असतात, आणि ते कागद माझ्या टेबलाच्या खणात असायचे.

आता किस्सा. कसबा बावड्याचा दत्तू म्हणून आमचा एक कायम कामगार होता. एकदा सकाळी दहाच्या सुमाराला तो बोंबलत आला. पायावर कास्टिंग, म्हणजे ओतलेला लोखंडी भाग, पडलं म्हणे. अंगठ्याशेजारचं बोट मोडून सुजलेलं. मी बघितलं तर शेजारी ठेवलेला त्याचा बूट अगदी धड.

"बूट धड आणि बोट मोडलेलं? हे कसं रे?"

"काढून ठेवलावता की साहेब."

"आणि कास्टिंगला शेण कधीपासून लागायला लागलं?"

नखात शेण होतं. दत्तूनं पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि जमिनीवर बसून हसायलाच लागला. "म्हशीनं पाय दिला वो सकाळी. पण साहेब, म्हस बी कंपनीच्या पगारातनंच घेतल्याली हाय. काय बसतंय का बगा की."

मी काही बसवलं नाही. दोन दिवसांची रजा तेवढी दिली. हा किस्सा मी वर्षानुवर्षं सांगत आलो. खोटं पकडायची आपली नजर कशी तीक्ष्ण होती ते त्यातून दिसतं. खोटं कुठं उघडं पडतं हे मला नेमकं माहीत होतं. त्या माहितीचा उपयोग पुढं मी कशासाठी केला, ते आता लिहितो.

माझी सासरवाडी कुरुंदवाडची. तिथं सुमनच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, माहेरच्या दाराला लागून शिवाप्पाचं घर. दोन घरांत एक भिंत आणि एक नळ. शिवाप्पा सुमनला लहानपणापासून अक्का म्हणायचा, तेव्हा मी त्याचा दाजी झालो. दीड एकर रान होतं, तेही पुराच्या पट्ट्यात. लग्नानंतर काही वर्षांनी तो मला म्हणाला, "दाजी, तुमच्याकडं कायतरी बगा की." मी बघितलं. कायम जागा नव्हती, म्हणून कंत्राटदाराकडे लावला. वाळूच्या विभागात, जिथं ओतकामाच्या साच्यांची वाळू तयार होते.

कंत्राटदार हे नुसतं नाव होतं. तो मालकांचा साडू. महिन्यातून एकदा यायचा आणि कोऱ्या कागदांवर सह्या करून जायचा. त्याची तीस माणसं आमच्याच आवारात, आमच्याच मुकादमाच्या हाताखाली राबायची, आणि त्यांचा हजेरीपट मी स्वतः लिहायचो. कायम कामगारांचा विमा होता. या तीस जणांचा नव्हता. सरकारदरबारी कुठंही नोंद नव्हती. मला ते माहीत होतं. सगळ्यांकडे असंच असतं, असं मी स्वतःला सांगायचो.

शिवाप्पानं चार वर्षं काम केलं. कारखान्यात तो मला साहेब म्हणायचा, गेटबाहेर पाऊल पडलं की दाजी. गावाहून येताना कृष्णाकाठची वांगी आणायचा, कधी कवठाची बर्फी. आम्ही कुरुंदवाडला गेलो की त्याची बायको गौराक्का एक वेळचं जेवण तरी आपल्याकडे घेतल्याशिवाय सोडायची नाही. खपली गव्हाची खीर तिच्या हातची मी किती वेळा खाल्ली असेन, मोजदाद नाही.

सत्त्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. उन्हाळ्याचे दिवस. वाळू मिसळायचं यंत्र म्हणजे एक मोठं लोखंडी पिंप असतं. आत फिरणारी पाती वाळू, माती आणि पाणी कालवतात. कडेला वाळू घट्ट बसते, ती यंत्र बंद करून, आत वाकून खरवडावी लागते. शिवाप्पा आत वाकून खरवडत होता. बटण पलीकडच्या बाजूला. तिथल्या माणसाला वाटलं, हा बाहेर आला. त्यानं बटण दाबलं.

मी पोचलो तेव्हा यंत्र बंद केलेलं होतं आणि चौघांनी शिवाप्पाला धरलं होतं. उजव्या हाताकडे मी एकदाच बघितलं. कंपनीच्या जीपमधून आम्ही त्याला शहरातल्या एका खासगी दवाखान्यात नेलं. वाटेत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. "दाजी, हात हाय का?" असं त्यानं दोनदा विचारलं. मी आहे म्हणालो.

डॉक्टर म्हणाले, कोपराच्या वरून काढावा लागेल, आणि आत्ताच. नातेवाइकाची सही पाहिजे. गौराक्काला कळवून ती यायला तीन तास लागले असते. मी फॉर्म घेतला आणि सही केली. नातं लिहायच्या जागेवर लिहिलं, 'बहिणीचा नवरा'. शिवाप्पा जगला. डॉक्टर नंतर म्हणाले, आणखी तासभर गेला असता तर सांगता आलं नसतं.

सव्वीस वर्षांत मी जे काही धड काम केलं असेल, त्यातलं हे एक. म्हणूनच पुढं काय झालं ते सांगणं मला जड जातं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मालक दुष्ट नव्हते. दवाखान्याचं सगळं बिल त्यांनी भरलं, एक शब्दही न काढता. पण ते म्हणाले, "याचा कागद बाहेर गेला तर एकट्याचा जाणार नाही. तिसांचाही जाईल. मग विमा, फंड, इन्स्पेक्टर, सगळं मागच्या सालापासून उकरतील. कारखाना बंद करायची पाळी येईल. दोनशे घरं आहेत यावर. तुम्हीच सांगा काय करायचं."

त्यांनी मला खोटं लिहायला सांगितलं नाही. तुम्हीच सांगा, म्हणाले. आणि मी सांगितलं. मी म्हणालो, "तो त्या दिवशी कामावर नव्हताच, असं दाखवता येईल."

हे वाक्य माझं. ते दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालायची सोय नाही.

मी दोन दिवस कचेरीचं दार लावून बसलो आणि चार वर्षांचा हजेरीपट नव्यानं लिहिला. तिसांच्या जागी एकोणतीस नावं. एकाच शाईनं लिहिलं की कळतं, म्हणून महिन्यागणिक पेनं बदलली. पानांच्या कडांना वाळूचा हात फिरवला. मधे दोन ठिकाणी मुद्दाम खाडाखोड केली, कारण खऱ्या हजेरीपटात ती असतेच. बटणाला कुलूप बसवून घ्यावं, असं पत्र वर्षापूर्वी मीच मालकांना दिलं होतं. फाईलमधून ती प्रत काढली. जुने हजेरीपट आणि ते पत्र भट्टीपाशी नेलं आणि माझ्या हातानं आत टाकलं. बाहेरचा इसम, नातेवाइकाला भेटायच्या निमित्तानं, परवानगीशिवाय आत शिरला आणि यंत्राशी गेला, असं कागदोपत्री ठरलं. वाळू विभागातल्या प्रत्येकाला मी एकेकटं बोलावलं. धमकी कुणालाच दिली नाही. "तुमचं काम राहावं असं मला वाटतंय," एवढंच म्हणालो.

गौराक्कानं शिवाप्पाच्या नावानं दावा लावला. कुरुंदवाडच्या कुणीतरी एका तरुण वकिलाकडे नेलं होतं. असे दावे लेबर कोर्टाचे न्यायाधीश चालवतात. तारखा पडत दोन वर्षं गेली. या दोन वर्षांत सुमन माहेरी गेली नाही. भाऊबीजेला तिचा भाऊच आमच्याकडे आला आणि शिवाप्पाचं नाव न काढता जेवून गेला. तो गेल्यावर सुमन म्हणाली, "त्या नळावर मी गौराच्या शेजारी कशी उभी राहू, ते सांगा मला." मी म्हणालो, नोकरी आहे. ती म्हणाली, "नोकरी त्याचीबी होती."

माझी साक्ष झाली त्या दिवशी शिवाप्पा पुढच्या बाकावर होता. शर्टाची उजवी बाही दुमडून खांद्याला पिनेनं लावलेली. शेजारी गौराक्का. मी ईश्वरसाक्ष खरं सांगेन म्हणालो. हजेरीपट दाखवला. न्यायाधीशांनी पानं चाळली. खाडाखोड बघून त्यांनी मान हलवली. ते पान खरं वाटावं म्हणून केलेलं काम नेमकं उपयोगी पडलं, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं, आणि क्षणभर बरंसुद्धा वाटलं. हेही लिहिलं पाहिजे.

मग त्यांचे वकील उठले.

"तुमची सासरवाडी कुठली?"

"कुरुंदवाड."

"अर्जदार तिथलेच. ओळखता?"

"फॅक्टरीत कामाला होते असं म्हणाल तर नाही."

"तसं विचारलंच नाही मी. माणूस म्हणून ओळखता का?"

"गावात पुष्कळ लोक असतात."

"हो की नाही, साहेब."

"नाही."

शिवाप्पा खाली बघत होता. गौराक्का माझ्याकडे बघत होती.

वकिलांनी दवाखान्याचे कागद मागवून घेतले होते. त्यातला तो फॉर्म त्यांनी माझ्यापुढं धरला. "ही सही तुमची?"

"हो."

"नातं काय लिहिलंय, वाचा."

मी वाचलं. आमच्या वकिलांचा चेहरा उतरला. हा कागद मी त्यांना सांगितलाच नव्हता. विसरलो होतो म्हणावं, तर तेही खरं नाही. तिथंच एक रस्ता होता. हो, हा माझ्या बायकोचा मानलेला भाऊ, आणि तो आमच्याकडे चार वर्षं कामाला होता, एवढं म्हणायचं होतं. दोन वाक्यं. जीभ तयारही झाली होती बहुतेक. पण निघालं ते वेगळंच.

"डॉक्टर म्हणाले, नातेवाइकाच्या सहीशिवाय ऑपरेशन करणार नाही. माणूस मरत होता. कोण, कुठला, हे बघायची ती वेळ नव्हती. मी सही केली. कुणाच्याही बाबतीत केली असती."

न्यायाधीशांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत आदर होता.

बाहेर आल्यावर मी चहाच्या गाड्यापाशी उभा होतो. शिवाप्पा जवळ आला. डाव्या हातात पाण्याचा ग्लास होता. "घ्या. घसा कोरडा पडलाय तुमचा." मी घेतला नाही. तो म्हणाला, "तुमचंबी पोट हाय. मला कळतंय."

मागून गौराक्का म्हणाली, "तुमास्नी कळतंय, मला न्हाय कळत. ओ साहेब, आमच्यात जेवलाय तुमी. माझ्या पोरीच्या बारशाला तुमची बायको पाळण्याला हुबी हुती. आनि वळकत न्हाय?" साहेब हा शब्द तिनं माझ्यासाठी पहिल्यांदाच वापरला. मी जीपमध्ये जाऊन बसलो.

निकाल लागला. अर्जदार कामगार असल्याचं सिद्ध झालं नाही. दावा फेटाळला. निकालपत्रात माझ्याबद्दल एक ओळ होती. साक्षीदारानं अनोळखी जखमी इसमासाठी दाखवलेली माणुसकी लक्षात घेता त्याच्या म्हणण्यावर अविश्वास ठेवण्याचं कारण नाही, अशा अर्थाची. मालकांनी ती ओळ सगळ्या स्टाफला वाचून दाखवली आणि पेढे वाटले. वर अपील करायचं तर मुंबईचं हायकोर्ट. ती ऐपत कुरुंदवाडच्या त्या घरात नव्हती. पुढच्या वर्षी मला मॅनेजर केलं. मी झालो.

एक खरं की त्यानंतर बटणाला कुलूप बसलं आणि तीसही माणसांचा विमा उतरवला गेला. मीच मागं लागून ते करून घेतलं. मधली काही वर्षं याच गोष्टीच्या आधारावर मी झोपलो. पण तिसावा माणूस दुसराच होता.

दोन हजार सातच्या आसपास निवृत्त झालो. हार, शाल, घड्याळ. घरी आल्यावर सुमननं ती शाल घडी करून ठेवली आणि म्हणाली, "आता तुमची नोकरी गेली. आता तरी जा." पुढच्या आठवड्यात मी एसटीनं कुरुंदवाडला गेलो. एकटाच.

शिवाप्पा घरामागच्या खोपीत कडब्याच्या पेंढ्या बांधत होता, डाव्या हातानं आणि दातांनी. मला बघून दोरी तोंडातून काढली. "या," म्हणाला. साहेब नाही, दाजीही नाही.

गौराक्का रानातल्या भांगलणीवरून, तण खुरपून आली होती. तिनं चहा केला. मी सगळं सांगितलं. हजेरीपट, पेनं, भट्टी, माणसांना बोलावून काय म्हणालो ते, आणि मालकांच्या केबिनमध्ये ते वाक्य माझंच होतं हेही. बराच वेळ लागला. शिवाप्पानं मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाला, "ज्यानं बटन दाबलं, त्यो आट दिसांत आलता हितं. ह्याच उंबऱ्यावर बसून रडून गेला. तुमास्नी दहा वर्सं लागली."

मी कप खाली ठेवला.

गौराक्का म्हणाली, "हे आमास्नी कशाला सांगताय? आमी तितंच हुतो की. ज्यास्नी ठाव न्हाय, त्यास्नी सांगा."

"म्हणजे?"

"कोर्टात सांगा. त्या कागदावर लिवलंय, ह्यो मानूस कामाला न्हवता, न इचारता आत शिरला. लोक म्हणत्यात, भंगार चोरायला शिरलावता, म्हणून हात गेला. थोरलीची सोयरीक आली तवा त्या लोकांनी पैलं त्येच इचारलं. चोर हाय का पोरीचा बाप म्हणून."

"पैशाचं म्हणत न्हाय मी," शिवाप्पा म्हणाला. "हात गेला त्यो गेला. चार वर्सं मी तितं कामाला हुतो, एवडं लिवून द्या. शिक्क्यानिशी. पोरी बगत्यात माझ्याकडं."

"देतो," मी म्हणालो.

"व्हय?" गौराक्कानं विचारलं.

"उद्याच्या उद्या."

शिवाप्पा मला स्टँडपर्यंत सोडायला आला. वाटेत आम्ही उसाच्या दराचं, पाण्याचं बोललो. गाडी सुटेपर्यंत तो थांबला होता.

कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. कोर्ट तिथून काही लांब नाही, आणि पाच वाजेपर्यंत उघडं असतं. मी घराकडची रिक्षा केली.

नंतर ओळखीच्या एका वकिलाला विचारलं. तो म्हणाला, जुनं प्रकरण आहे, उघडेल की नाही सांगता येत नाही, पण खोट्या शपथेचा गुन्हा तुमच्यावर होऊ शकतो. मी विचार करतो म्हणालो. विचार चालू आहे. गौराक्कानं कधी निरोप पाठवला नाही. सुमन दर दिवाळीला माहेरी जाते. मी जात नाही.

हा लेख म्हणजे त्यांनी मागितलेला कागद नव्हे, हे मला कळतं. याच्यावर शिक्का नाही, शपथ नाही. आणि छापायचं ठरल्यावर, उगाच कुणाला त्रास नको म्हणून, मी यातली नावं बदलली आहेत. चार वर्षं आमच्याकडे राबलेल्या त्या माणसाचं नाव शिवाप्पा नाही. त्याचं खरं नाव मी इथंही लिहिलेलं नाही.